आजीच्या घरी, व्हाया किन्हवली

शहापूर-मुरबाड म्हणजे पावसाळी वीकएण्ड, धबधबे आणि गरमागरम भजी. पण याच दोन तालुक्यांत वसईच्या एका कॅथलिक शिक्षिकेनं ३७ वर्षं शिकवलं, शिवलं, रंगवलं, गाणी रचली आणि कशावरही आपलं नाव टाकलं नाही. तिच्या नातीनं केलेली ही भटकंती.

जून उजाडला की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'शनिवारी मालशेज?' मग गाड्या किती, कोण कुणाच्या बाइकवर, मॅगी कुठे खायची यावर तासभर चर्चा. मुरबाड त्या प्लॅनमध्ये असतं ते पेट्रोल भरण्यापुरतं. शहापूरची अवस्था त्याहून वाईट. नाशिकला जाताना चहासाठी गाडी थांबते, ते शहापूर. अलीकडे ही दोन्ही नावं आणखी एका ठिकाणी दिसतात, सेकंड होमच्या जाहिरातींत. निसर्गाच्या कुशीत, एनए प्लॉट, सुलभ हप्ते वगैरे वगैरे.

माझ्यासाठी मात्र हा सगळा पट्टा म्हणजे एकच शब्द, 'आजीकडे'. मे महिन्याची सुट्टी आजीकडे, नाताळ आजीकडे. आईची आई. आई तिला 'आय' म्हणायची, आम्ही नातवंडं आजी, आणि शहापूरपासून मुरबाडपर्यंत बाकी सगळे 'बाई'. इथे बाई म्हणजे शाळेतल्या बाई, हे वेगळं सांगायला नको.

२०२३ साली ऐन उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आजी गेली. वय ८५. त्यानंतर घर आवरायच्या निमित्तानं आईबरोबर आणि कधी एकटीच, माझ्या तिकडे बऱ्याच फेऱ्या झाल्या. एरवी आसनगाव स्टेशनवर उतरून थेट तिच्या ओसरीवर जाणारी मी, या वेळी पहिल्यांदाच तिचा सगळा इलाखा फिरले.

निर्मळहून शहापूरला

आजी मूळची वसईतल्या निर्मळची. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे ज्यांना आपण कुपारी म्हणतो त्या समाजातली. निर्मळ हे गाव भारी आहे. एकीकडे होली क्रॉस चर्च, दुसरीकडे शंकराचार्यांचं मंदिर आणि कार्तिकातली मोठी यात्रा. लाल चौकटीचं लुगडं नेसलेली तिची आई चर्चच्या सणाला जितक्या उत्साहानं जायची, तितक्याच उत्साहानं यात्रेतून बांगड्या घेऊन यायची. आजीला पुढे आयुष्यभर हे दोन्ही सोबत नेणं जड गेलं नाही, त्याचं मूळ बहुतेक इथे असावं.

१९५९ मध्ये तिला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी लागली. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती (पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये), त्यामुळे पोस्टिंग जिल्ह्यात कुठेही. वसईच्या कितीतरी मुली अशा ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याच्या एकशिक्षकी शाळांत गेल्या. आपल्याकडे करिअर वूमन हा शब्द यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आजी आधी मुरबाडकडे होती, मग किन्हवलीच्या बाजूला आणि शेवटी शहापूरजवळ.

'ह्या बाई बाटवायला आल्यात का?' असं सुरुवातीला एका पाड्यावर कुणीतरी विचारलं होतं म्हणे. त्यावर आजीनं सांगितलं, 'बाराखडी शिकवायला आलेय, दोन महिन्यांनी येऊन पाहा.' दसऱ्याला पाटीपूजनासाठी एक-एक आकडे जोडून सरस्वती काढायची असते ना, ती अख्ख्या शाळेला तीच काढून द्यायची. आणि संध्याकाळी घरी कंदिलाच्या उजेडात रोझरी. जपमाळही स्वतःच केलेली. रिठ्याच्या काळ्या बिया, तापवलेल्या दाभणानं पाडलेली भोकं आणि वसईहून आणलेला जाळ्याचा दोरा. एकूण ५९ मणी, एकही कमी नाही, जास्त नाही.

पाणी कुठलं पिता?

आता एक प्रश्न. तुमच्या ऑफिसच्या वॉटर कूलरमधलं पाणी कुठून येतं? ऑफिस मुंबईत असेल तर त्यातलं जवळपास निम्मं भातसा धरणातून येतं, आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे. तानसाही इथलंच, १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. मोडकसागर (१९५७) याच डोंगरांतलं, आणि २०१४ मध्ये त्यात मध्य वैतरणाची भर पडली. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणाच्या भिंतीपासून फार लांबच्या नाही, अगदी जवळच्या पाड्यांवरही.

आमचे आजोबा सत्तरच्या दशकात भातसाच्या कामावर कारकून होते. म्हणजे घरातला एक माणूस मुंबईच्या पाण्याचा हिशेब लिहायचा आणि दुसरं माणूस शाळा सुटल्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवर रांगेत उभं राहायचं. आजी यावर चिडून कधी बोलली नाही. पण जेवणाआधी सगळे ख्रिस्ती अन्नासाठी प्रार्थना करतात, तशी ती पाणी पिण्याआधीही करायची. तांब्या हातात घ्यायचा, कपाळावर क्रूसाची खूण करायची, मग घोट. लहानपणी आम्हाला याचं हसू यायचं. मग मे महिन्यात एकदा तिच्याबरोबर रांगेत उभी राहिले. त्यानंतर हसले नाही.

पेंढ्याची गव्हाण

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की ओसरीवर गव्हाणीचं काम सुरू व्हायचं. नाताळात येशूजन्माचा देखावा करतात, तो. बाजारात प्लॅस्टरच्या गोऱ्यापान मूर्तींचे सेट मिळतात, तसला आजीनं कधी आणला नाही. भातझोडणी झालेली असायची, त्यामुळे पेंढा फुकट. कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचा लेप. मूर्तींची माती नदीकाठची. तिचा योसेफ कमरेला आकडी बांधून त्यात कोयता अडकवलेला. मरिया गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली, या भागातल्या बायका नेसतात तशी. तीन राजे सोनं-ऊद-गंधरस आणायचे नाहीत. एकाच्या हातात नाचणी, एकाच्या मध, तिसऱ्याच्या मोहाची फुलं.

'बेथलेहेम काय फोर्टमध्ये होतं?' ती म्हणायची. 'गरिबाच्याच गोठ्यात जन्मला ना? मग हा गोठा काय वाईट?'

गव्हाणीच्या मागची भिंत बरीच वर्षं कोरीच होती. एका नाताळात शेजारची वारली बाई आली, बघितलं आणि म्हणाली, लग्नघराची भिंत अशी ठेवतात का? बाळ जन्मलेलं घर तर त्याहून मोठं. तिनं तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवली आणि ताऱ्याभोवती फेर धरलेली माणसं काढली. तेव्हापासून दर वर्षी मूर्ती आजीच्या, भिंत तिची.

वारली चित्रं आज तुमच्या-आमच्या कुशन कव्हरवर आणि कॉफी मगवर असतात. पण मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहायचं काम सवाष्ण बायकांचं होतं. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, जगभर गेली आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचं नाव झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, अगदी योग्यच. त्याआधी शेकडो वर्षं भिंती लिहिणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत? लग्न झालं, पाऊस झाला, भिंत सारवली, चित्र गेलं. आजीची गव्हाणही ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर मोडली जायची. पेंढा गुरांना, माती अंगणात. मूर्ती तेवढ्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत.

व्हाया किन्हवली

शहापूरहून मुरबाडकडे जायला किन्हवली-सरळगावचा रस्ता आहे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्येच एखादा टेम्पो, कणसं भाजणारी आजीबाई. मालशेजच्या गर्दीत अडकण्यापेक्षा हा रस्ता गाठा, एवढंच सांगेन.

या रस्त्यालगतच्या एका पाड्यावर आजीच्या पहिल्या काही विद्यार्थिनींपैकी एक मावशी राहतात. आता त्याच आजी झाल्यात. आम्ही गेलो तेव्हा त्या पणतवंडाला मांडीवर घेऊन थोपटत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. ऐकता ऐकता आईनं माझा हात घट्ट धरला.

मध्येच थोडी पार्श्वभूमी. आजी लहान असताना चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये असायची. सगळं पाठ, अर्थ शून्य. १९६२ ते ६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी महापरिषद झाली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत आली. 'देवाला माझी भाषा यायला लागली,' असं आजी म्हणायची. तेव्हापासून ती ओव्या रचायला लागली. ख्रिस्तकथा आणि ओवी ही जोडी तशी जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात मराठी ओवीत लिहिलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. आजीला ते माहीत होतं, पण तिची प्रेरणा जात्यावरची. दळताना सुचायचं, दळण संपलं की गाणं संपलं.

त्यातली एक ओव्यांची माळ आईला लहानपणापासून पाठ होती. दिवस भरलेली मरिया भर पावसात दारोदार फिरते, कुणी जागा देत नाही, शेवटी गोठ्यातली गाय अंग आकसून घेते आणि म्हणते, ये बाई, इथे टेक. पावसाळी बेथलेहेम! मावशी तेच गात होत्या. फक्त त्यांच्या गाण्यात मरिया नव्हती, मरीआय होती. गावोगावच्या शिवेवर जिचं देऊळ असतं, ती मरीआय. आणि तिला जागा देणारी फक्त गाय नव्हती, एक कातकरीणही होती, जी आपली फाटकी चटई अंथरते.

आईनं विचारलं, 'मावशी, हे कुणाचं गाणं?'

'माझी सासू म्हणायची,' मावशी म्हणाल्या. 'तिच्या सासूचं असंल.'

आईनं काहीच दुरुस्त केलं नाही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, अगं सांगायचंस ना, आपल्या आजीचं आहे म्हणून. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, 'आता ते तिचं कुठे राहिलंय? आणि ती कातकरीण किती छान घातलीय त्यांनी. आयला सुचायला हवी होती.'

शेवळं आणि सोडे

आजीची गोष्ट खाण्याशिवाय पूर्ण व्हायची नाही. पहिल्या पावसाबरोबर शहापूर-मुरबाडच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. जमिनीतून वर आलेले लांबट, तपकिरी कोंब. नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका, म्हणून सोबत काकडाची आंबट फळं घालायची. वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळणारी ही भाजी. आजी त्यात वसईहून आणलेले सोडे घालायची, म्हणजे सुकवलेली सोललेली कोलंबी. डोंगरातली शेवळं, समुद्रातले सोडे आणि खाली तांदळाची भाकरी. हल्ली हॉटेलांच्या मेन्यूवर याला फ्यूजन म्हणतात आणि त्याचे भरपूर पैसे लावतात.

गंमत म्हणजे शुक्रवारी मटण वर्ज्य आणि उपवासकाळात तर चाळीस दिवस ती स्वतः एकवेळ जेवायची. पण आम्हा पोरांवर त्याची सक्ती कधी नाही. 'उपवास माझा आहे, तुमच्या पोटाचा नाही,' असं म्हणून ताटात भाकरी वाढायची.

म्हशाची घोंगडी

मुरबाडहून कर्जतच्या दिशेला म्हसा गाव लागतं. पौष पौर्णिमेला तिथे खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. बैलांचा बाजार त्या यात्रेची खरी शान. जाल तेव्हा धुळीची तयारी ठेवा. आजीची म्हशाची फेरी चुकायची नाही, कारण तिला तिथे घोंगडी घ्यायची असायची. घोंगडी खाली, वर तिनं शिवलेली गोधडी, असं आमचं थंडीतलं अंथरूण.

सात नातवंडांना सात गोधड्या. शाळेच्या गणवेशाची खाकी, आजोबांचे सदरे, आईच्या फ्रॉकची छीट. आणि प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात निर्मळच्या पणजीच्या लाल चौकटीच्या लुगड्याचा तुकडा. साधा धावदोरा, पण टाके असे सारखे की मशीनला लाज वाटावी. घर आवरताना मी मुद्दाम सगळ्या उलटसुलट करून पाहिल्या. कुठेतरी आद्याक्षर, तारीख, काहीतरी? काही नाही. माझी गोधडी आता मध्यभागी विरत चाललीय.

नाणेघाटातली आई

मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. ट्रेकर मंडळींना ती पाठ असेल. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. सेल्फी तिथेच घेतात सगळे. शेजारच्या गुहेत मात्र फार कमी जण थांबतात. थांबा. भिंतीवर ब्राह्मी लिपीतला प्रचंड लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणी नागनिकेचा. नवरा गेल्यावर मुलांच्या वतीनं राज्य सांभाळणारी ही आई. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दान दिले, याची आकड्यांसकट यादी तिथे कोरलीय. भारतातल्या सगळ्यात जुन्या लेखी आकड्यांत यांची गणना होते. त्याच लेखात ती महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्वी असलेली, असंही वर्णन आहे.

हे वाचून मी तिथेच बसले. उपवास करणारी, घरातच तप करणारी आई, याच घाटातली. एकीचं दान दगडात कोरलेलं, दुसरीचं पेंढ्यात आणि कापडात. पण गुहेत एक गोष्ट आणखी आहे. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, प्रत्येकावर नाव कोरलेलं. आज नावं दिसतात, पुतळे गेलेत. शिल्लक आहेत ती नुसती पावलं. आजीच्या बाबतीत उलटं झालंय. नाव गेलं आणि गाणं पाड्यावर फिरतंय. यातलं कोणतं बरं, याचं उत्तर मला वर चढताना माहीत नव्हतं आणि उतरतानाही मिळालं नाही.

घराचं काय?

आजीला निर्मळला पुरलं, तिच्या आईवडिलांशेजारी. ३७ वर्षांची नोकरी, निवृत्तीनंतर आणखी २७ वर्षं शहापूर, पण माती मात्र वसईची. पाड्यावरची माणसं टेम्पो करून आली होती. चर्चमध्ये कधी बसायचं, कधी उठायचं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून शेवटी ती सगळी उभीच राहिली. पूर्ण मिस्साभर.

राहता राहिलं घर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो, त्यामुळे जमिनीचे भाव काय झाले असतील ते समजून घ्या. एजंटचे फोन आठवड्याला येतात. मामा म्हणतो, विकू या, कोण राहणार तिथे? त्याचं चूक नाही. कुलूपबंद घराची कौलं दर पावसाळ्यात फुटतात आणि आपण कुणीच लॅपटॉप घेऊन पाड्यावर राहायला जाणार नाही आहोत. आईनं अजून सही केलेली नाही.

वस्तू मात्र वाटून झाल्या. जातं किन्हवलीच्या मावशींकडे गेलं. पीठ गिरणीतूनच येतं त्यांचं, पण त्यांनी ते मागून घेतलं आणि अंगणात तुळशीजवळ ठेवलंय. जपमाळ आईकडे. मातीच्या मूर्ती शेजारच्या वारली बाईच्या सुनेनं नेल्या. या नाताळात गव्हाण तिच्या ओसरीवर मांडायची ठरलीय. ती ख्रिस्ती नाही. योसेफाच्या आकडीतला कोयता तुटलाय, तेवढा नवा करून द्या, असा तिचा निरोप आलाय. माती भिजत घातलीय. मला जमेल की नाही, बघू.

कसं जाल, काय कराल?

शहापूर : सीएसएमटीहून आसनगाव लोकल, साधारण ८५ किलोमीटर. स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा मिळते. माहुली किल्ला आणि तानसा अभयारण्य जवळच.

मुरबाड : इथे रेल्वे नाही. कल्याणहून एसटी किंवा गाडीनं, सुमारे ३० किलोमीटर. पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे आणि मालशेज.

शहापूर ते मुरबाड : किन्हवली-सरळगाव रस्ता. सरळगावला उजवीकडे मुरबाड, डावीकडे मालशेज.

कधी : शेवळांसाठी जूनचे पहिले दोन-तीन आठवडे, म्हशाच्या यात्रेसाठी पौष पौर्णिमा. नाणेघाटाच्या लेखासाठी हिवाळा बरा, पावसाळ्यात गुहेत अंधार आणि गर्दी दोन्ही असतं.

आणि हो : पाड्यावर कुणी तांब्याभर पाणी पुढे केलं, तर अर्धं पिऊन उरलेलं ओतून देऊ नका. ते कुणीतरी रांगेत उभं राहून आणलेलं असतं.